ओसरीवरून माजघरात

2013 सालचा सप्टेंबर महिना. नागपुरात धरमपेठ, रामदासपेठ, सीताबर्डी या भागांतल्या चार्टर्ड अकाउंटंटांच्या कार्यालयांत रात्री उशिरापर्यंत काम चालू होते. कर-लेखापरीक्षणाचा अहवाल त्या वर्षी पहिल्यांदाच कागदाऐवजी प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावर भरायचा होता आणि मुदत होती 30 सप्टेंबर. टेबलावर अशिलांच्या फायली, संगणकाला खोचलेले डिजिटल सहीचे टोकन, ज्याला सगळे 'डोंगल' म्हणत, आणि पडद्यावर एक चौकट: हा प्रोग्राम चालवू द्यायचा का? 'रन' दाबले की सही व्हायची. कधी दाबूनही व्हायची नाही. मग शेजारच्या टेबलावरचा जाणता सहकारी सांगायचा, "जावाचं सेटिंग खाली आण, मग होते."

सरकारी बांधकामांची टेंडरे भरणाऱ्यांकडेही हेच चालले होते. तिथला मंत्र वेगळा होता, पण अर्थ तोच: "जावा अपडेट नको करू बे, टेंडर खुलणार नाही."

ज्यांनी त्या काळात टेंडर भरले किंवा रिटर्न चढवले, त्यांना ही वाक्ये आठवत असतील. त्यांत कुणाचाही वाईट हेतू नव्हता. काम अडले होते आणि ते व्हायला हवे होते, एवढेच. पण त्याच वर्षी, त्याच जावाला न्याहाळकातून, म्हणजे ब्राउझरमधून, ताबडतोब बंद करा, असे अमेरिकेचे सरकार आपल्या नागरिकांना सांगत होते. एकच प्रोग्राम, एकच वर्ष आणि दोन उलट सल्ले. हे कसे घडले, त्याची ही हकिकत.

ओसरीची कल्पना

23 मे 1995 रोजी अमेरिकेतल्या सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने जावा ही नवी संगणकभाषा जाहीर केली. जेम्स गॉस्लिंग आणि त्यांचे सहकारी 1991 पासून तिच्यावर काम करत होते. आधी तिचे नाव 'ओक' होते आणि ती घरगुती उपकरणांसाठी घडवली जात होती. पुढे इंटरनेट पसरू लागले आणि तिला तिची खरी जागा सापडली. आपल्याकडे विदेश संचार निगमने मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई इथे सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केले ते 15 ऑगस्ट 1995 रोजी, म्हणजे जावाच्या जन्मानंतर तीन महिन्यांच्या आत.

त्या काळातले वेबपान म्हणजे मजकूर आणि चित्रे. जावाने त्यात एक नवीच गोष्ट आणली: पानासोबत एक छोटा प्रोग्राम, म्हणजे 'अ‍ॅपलेट', तुमच्या संगणकावर उतरायचा आणि तिथेच चालायचा. हिशेब करायचा, आलेख काढायचा, खेळ खेळवायचा. पण हा प्रोग्राम लिहिणारा कोण, हे तुम्हाला माहीत नसायचे. अनोळखी माणसाचे काम आपल्या घरात चालू द्यायचे, तर त्याला कुठवर येऊ द्यायचे?

सनच्या अभियंत्यांनी दिलेले उत्तर जुन्या मराठी घराला सहज कळेल असे होते. अनोळखी पाहुण्याला ओसरीवर बसवायचे. पाणी द्यायचे, बोलायचे, पण माजघरात पाऊल टाकू द्यायचे नाही. या ओसरीला त्यांनी 'सँडबॉक्स' म्हटले. अ‍ॅपलेटने आपल्या चौकटीत हवे ते करावे, पण तुमच्या फायली वाचू नयेत, डिस्कवर लिहू नये, दुसरा प्रोग्राम सुरू करू नये आणि ज्या संगणकावरून ते आले त्याखेरीज दुसऱ्या कुणाशी बोलू नये.

या ओसरीवर तीन पहारेकरी होते. पहिला येणाऱ्याची झडती घ्यायचा: प्रोग्रामची आज्ञावली नियमात बसते का, एका प्रकारच्या वस्तूला दुसऱ्या प्रकारची म्हणून खपवण्याचा डाव तर नाही ना. दुसरा घरचे कोण आणि बाहेरचे कोण याची नोंद ठेवायचा. तिसरा, 'सिक्युरिटी मॅनेजर', माजघराच्या दारात उभा असायचा. कुणी फाइल मागितली की मागणाऱ्याच्या मागे कोण उभे आहे, हे तो पाहायचा. तिघांपैकी एकजण जरी फसला तरी ओसरी आणि माजघर एकच होणार होते.

पहिल्या भेगा

भेगा लगेच दिसल्या. 1996 च्या सुरुवातीला प्रिन्स्टन विद्यापीठातल्या ड्र्यू डीन, एडवर्ड फेल्टन आणि डॅन वॉलक या तिघांनी दाखवून दिले की नावांचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेला खोटे बोलायला लावले तर अ‍ॅपलेट मनाई असलेल्या संगणकाशी बोलू शकते. थोड्याच दिवसांत त्यांना झडती घेणाऱ्या पहारेकऱ्यालाच चकवण्याची वाट सापडली. हे दोष दुरुस्त झाले. पण त्या संशोधकांचा मुद्दा एका दोषापुरता नव्हता. जावाचे सुरक्षेचे नियम नेमके आणि एका जागी लिहिलेले नव्हते, असे त्यांचे म्हणणे होते. नियमच संदिग्ध असले तर पहारेकऱ्याची चूक कुठली आणि घराचा रिवाज कुठला, हे ठरवणार कसे?

पुढची पंधरा वर्षे जावा वाढत गेला. त्याचे तयार साहित्य अवाढव्य झाले. अनोळखी प्रोग्रामला हात लावता येतील अशा घरच्या वस्तू हजारोंनी झाल्या, आणि त्यांतली प्रत्येक वस्तू म्हणजे माजघराकडे जाणारी एक संभाव्य वाट होती. जानेवारी 2010 मध्ये ऑरॅकलने सन कंपनी विकत घेतली आणि हे सगळे घर नव्या मालकाकडे गेले.

जावा नागपूरच्या टेबलावर कसा आला

भारतात जावा खेळांसाठी वा आलेखांसाठी रुजला नाही. तो आला सहीसाठी.

17 ऑक्टोबर 2000 रोजी माहिती तंत्रज्ञान कायदा लागू झाला आणि डिजिटल सहीला कायद्याने मान्यता मिळाली. पुढच्या दशकात कंपन्यांची विवरणपत्रे, प्राप्तिकर आणि सरकारी निविदा एकेक करत संगणकावर गेल्या. निविदांच्या बाबतीत त्याला मोठे कारण होते. निविदा पेटीत लिफाफा टाकायचा म्हणजे कार्यालयापर्यंत पोचावे लागे, आणि पोचू न देण्याचे उद्योगही होत. कंत्राटदारांनी आपापसांत संगनमत करून कामे वाटून घेणे ही सगळ्या राज्याला ठाऊक असलेली गोष्ट होती. घरबसल्या टेंडर भरता आले, लिफाफा संगणकीय कुलुपात बंद राहिला आणि ठरल्या वेळीच उघडला, तर या दादागिरीला आळा बसणार होता. ही सुधारणा खरोखर गरजेची होती.

नागपुरात तिचा परिणाम मोठा होणार, हे उघड होते. हे शहर कार्यालयांचे आहे. वेस्टर्न कोलफिल्ड्स आणि मॉइल यांची मुख्यालये इथे. विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळ इथे. इंडियन ब्युरो ऑफ माइन्स इथे. स्फोटकांचे आणि पेट्रोलियमचे परवाने देणाऱ्या केंद्रीय संस्थेचे मुख्यालयही इथेच. प्राप्तिकर अधिकाऱ्यांना घडवणारी राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमी याच शहरात. महापालिका, सुधार प्रन्यास, जिल्हा परिषद, सार्वजनिक बांधकाम खाते ही आणखी वेगळी. कोळशाच्या खाणीतली कामे असोत की कालव्याचे अस्तरीकरण, टेंडर भरणाऱ्यांची संख्या इथे मोठी. राज्याचे महाटेंडर्स पोर्टल आणि कोल इंडियाचे निविदा पोर्टल, दोन्ही राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने म्हणजे एनआयसीने घडवलेल्या प्रणालीवर चालत.

आता अडचण अशी होती. डिजिटल सहीची गुप्त किल्ली डोंगलच्या आत असते. ती बाहेर काढता येत नाही आणि काढता येऊ नये, हीच तिची सुरक्षितता. पण वेबपान ओसरीवरचे. त्याला यूएसबीपर्यंत पोचण्याची परवानगीच नाही. मग पानातला मजकूर डोंगलपर्यंत नेऊन त्यावर सही करून आणायची कुणी? त्या काळचे सोपे उत्तर होते जावा अ‍ॅपलेट. या अ‍ॅपलेटवर प्रमाणित शिक्का असायचा, आणि वापरणाऱ्याने 'रन' म्हटले की त्याला माजघरात जायची मुभा मिळायची.

इथे इतिहासाने एक वळण घेतले. ज्या यंत्रणेची सगळी प्रतिष्ठा 'पाहुणा आत येणार नाही' यावर उभी होती, ती भारतात वापरली गेली पाहुण्याला आत नेण्यासाठी. पोर्टल घडवणाऱ्यांचा त्यात दोष काढता येणार नाही. त्या काळी हाताशी तेच साधन होते. पण त्यामुळे हजारो कार्यालयांतल्या माणसांना रोज एकच सवय लागली: चौकट आली की न वाचता 'रन' दाबायचे.

2012: पहारेकऱ्याला रजा

2012 च्या एप्रिलमध्ये पहिला मोठा धक्का बसला. 'फ्लॅशबॅक' नावाच्या घातक प्रोग्रामने जावातल्या एका दोषातून सहा लाखांच्या आसपास मॅक संगणक ताब्यात घेतले. यातली शिकण्याजोगी गोष्ट तारखांत आहे. ऑरॅकलने हा दोष फेब्रुवारीतच दुरुस्त केला होता. पण मॅकसाठी जावाची दुरुस्ती अ‍ॅपल स्वतः देत असे, आणि ती आली 3 एप्रिलला. औषध तयार होते, पण ते रुग्णापर्यंत पोचायला लागलेल्या आठवड्यांत सहा लाख घरे फुटली.

त्याच एप्रिलमध्ये पोलंडचे सुरक्षा-संशोधक अ‍ॅडम गोवडियाक यांनी जावा 7 मधल्या 19 दोषांची यादी ऑरॅकलला पाठवली. ऑरॅकलच्या दुरुस्त्या ठरावीक वेळापत्रकानुसार निघत, आणि यांतल्या काही दुरुस्त्या ऑक्टोबरच्या यादीत गेल्या. ऑगस्टच्या शेवटी, 26 तारखेच्या सुमारास, त्यांतल्याच दोषांवर बेतलेला हल्ला प्रत्यक्ष चालू असल्याचे उघड झाले.

हा हल्ला समजून घेण्यासारखा आहे, कारण ओसरी कशी ओलांडली जाते हे त्यात स्वच्छ दिसते. अ‍ॅपलेटला आतल्या एका राखीव वस्तूला हात लावायचा होता. स्वतः मागितली असती तर पहारेकऱ्याने अडवले असते. म्हणून त्याने जावाच्याच एका सोयीच्या कार्यपद्धतीला, म्हणजे घरातल्याच गड्याला, ती आणायला सांगितले. पहारेकऱ्याने पाहिले, समोर घरचा माणूस आहे, म्हणून जाऊ दिले. त्याच्यामागे ओसरीवरचा परका उभा आहे, हे त्याने पाहायला हवे होते, ते राहून गेले. ती वस्तू हाती आल्यावर अ‍ॅपलेटने स्वतःच्या नावावर सगळ्या परवानग्या लिहून घेतल्या. मग शेवटची एक ओळ: सिक्युरिटी मॅनेजर बंद. पहारेकऱ्याला रजा देण्याचा हुकूम पाहुण्यानेच दिला, आणि तो पाळला गेला. वापरणाऱ्याला कुठलीही चौकट दिसली नाही, कुठलेही 'रन' दाबावे लागले नाही. पान उघडणे एवढेच पुरे होते.

ऑरॅकलने वेळापत्रक मोडून 30 ऑगस्टला दुरुस्ती दिली. दुसऱ्याच दिवशी गोवडियाक यांनी कळवले की दुरुस्त आवृत्तीतही त्यांना ओसरी ओलांडण्याची नवी वाट सापडली आहे.

10 जानेवारी 2013 रोजी दुसरा तसाच दोष जगासमोर आला आणि अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याने न्याहाळकातला जावा बंद करण्याचा सल्ला दिला. 13 जानेवारीला आलेल्या दुरुस्तीबरोबर ऑरॅकलने जावाची सुरक्षा-पातळी मुळातच 'हाय' करून टाकली. 1 फेब्रुवारीला एकाच वेळी 50 दुरुस्त्या आल्या. त्याच महिन्यात फेसबुक आणि अ‍ॅपल यांनी जाहीर केले की जावाच्या दोषातून त्यांच्या कर्मचाऱ्यांच्या संगणकांत शिरकाव झाला होता. जगातले निष्णात अभियंते ज्या घरात राहतात, तिथली ओसरीही टिकली नव्हती.

भोक बुजले, पण कुठे?

आता पुन्हा नागपूरच्या त्या टेबलाकडे येऊ.

जानेवारी 2013 नंतर ऑरॅकल दर काही महिन्यांनी ओसरीचे दार घट्ट करत गेली. एप्रिलमध्ये सुरक्षा-पातळीतून 'लो' हा पर्यायच काढला. जानेवारी 2014 मध्ये प्रमाणित शिक्का नसलेली अ‍ॅपलेटे अडवायला सुरुवात केली. ऑगस्ट 2014 मध्ये 'मीडियम'ही गेले. यातले प्रत्येक पाऊल योग्य होते, आणि प्रत्येक पावलाबरोबर कुठले ना कुठले जुने पोर्टल बंद पडत होते.

पोर्टल चालवणाऱ्याला नवी आवृत्ती तपासायला, अ‍ॅपलेट बदलायला, शिक्के नव्याने घ्यायला वेळ लागतो. टेंडरची मुदत मात्र थांबत नाही. दुपारी तीनला बंद होणारे टेंडर तीनलाच बंद होते, आणि बयाणा रक्कम भरलेला कंत्राटदार अडीच वाजता सुरक्षेवरचे व्याख्यान ऐकून घेत नाही. म्हणून वाटा निघाल्या. जावाची जुनी आवृत्ती पेनड्राइव्हवर जपून ठेवायची. अपडेटची सूचना आली की 'नंतर' म्हणायचे. पोर्टलचा पत्ता 'एक्सेप्शन साइट लिस्ट'मध्ये टाकायचा. जमत नसेल तर अँटिव्हायरस थोडा वेळ बंद ठेवायचा. अनेक पोर्टलांच्या मदत-सूचनांतही ठरावीक आवृत्ती आणि ठरावीक सेटिंग सांगितलेले असे. ऑनलाइन फॉर्म भरून देणारी दुकाने या बाबतीत तयारीची होती, आणि लोक त्यांच्याकडे त्यासाठीच जात.

याच काळात देशाची संगणक-सुरक्षा संस्था सर्ट-इन जावाच्या दुरुस्त्या ताबडतोब लावण्याच्या सूचना काढत होती. शासनाचा एक हात दार लावा म्हणत होता आणि दुसऱ्या हाताने मागितलेले काम दार उघडे ठेवल्याशिवाय होत नव्हते. मधे उभा असलेला नागरिक दुसऱ्या हाताचे ऐकत होता, कारण दंड आणि मुदत त्या हातात होती.

यातला खरा धोका लोकांच्या लक्षात येत नव्हता, तो असा: जुना जावा एका पोर्टलसाठी ठेवला होता, पण तो त्या पोर्टलपुरता नव्हता. न्याहाळकात बसलेला जावा कुठल्याही पानाच्या हाकेला ओ देत असे. टेंडर भरून झाल्यावर त्याच संगणकावर कुणी बातम्या वाचायचे, कुणी गाणी शोधायचे. त्या काळात 'ब्लॅकहोल'सारखी हल्ल्याची तयार अवजारे चोरबाजारात भाड्याने मिळत. ती पाहुण्याच्या न्याहाळकाला आधी विचारत, तुझ्याकडे जावा कोणता? उत्तर जुने आले की त्या आवृत्तीचा नेमका दोष उघडत. आणि त्या संगणकाला खोचलेले असे डोंगल, ज्याच्या सहीला कायद्याने हाताच्या सहीइतकेच वजन होते.

नवी आवृत्ती टाकणारेही पूर्ण सुरक्षित नव्हते. नवा जावा टाकला तरी आधीच्या अनेक आवृत्त्या संगणकातच राहत. डिसेंबर 2015 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने याच मुद्द्यावर ऑरॅकलवर कारवाई केली: अपडेट केल्यावर तुम्ही सुरक्षित आहात असे कंपनी सांगत होती, पण जुन्या, दोषयुक्त आवृत्त्या मागे राहतात हे नीट सांगत नव्हती. त्या वेळी 85 कोटींहून अधिक संगणकांवर जावा होता. समझोत्यानुसार जुन्या आवृत्त्या ओळखून काढून टाकण्याची सोय द्यावी लागली.

पुण्यात कैलास आणि संजय काटकर या भावांनी उभ्या केलेल्या क्विक हीलने या काळात आपल्या अँटिव्हायरसमध्ये न्याहाळकासाठी वेगळा सँडबॉक्स दिला: एक ओसरी फुटली तर बाहेरून दुसरी. हा विचार आज सगळीकडे रुजला आहे. आजचा प्रत्येक मोठा न्याहाळक पानांना कोठड्यांत ठेवतो आणि एक कुलूप तुटेल हे गृहीत धरूनच दुसरे लावतो.

पाहुण्याला निरोप

शेवटी न्याहाळकांनीच जावाला बाहेर काढले. क्रोमने सप्टेंबर 2015 मध्ये, फायरफॉक्सने मार्च 2017 मध्ये. मग काही वर्षे "हे इंटरनेट एक्सप्लोररमध्येच उघडा" असा सल्ला कार्यालयांत फिरत राहिला. 15 जून 2022 रोजी मायक्रोसॉफ्टने तोही न्याहाळक बंद केला. दरम्यान ऑरॅकलने 2018 मध्ये अ‍ॅपलेट चालवणारा भागच जावातून काढून टाकला होता. सिक्युरिटी मॅनेजर, तो माजघराच्या दारातला पहारेकरी, मार्च 2025 मध्ये आलेल्या जावा 24 मध्ये कायमचा निष्क्रिय झाला. तीस वर्षांची नोकरी संपली.

आपल्या पोर्टलांनी वेगळी वाट धरली. प्राप्तिकर, जीएसटी आणि निविदा यांच्या सहीसाठी आता संगणकावर एक छोटा स्वतंत्र प्रोग्राम बसवावा लागतो, आणि वेबपान त्याच्याशी बोलते. ही व्यवस्था जावा अ‍ॅपलेटपेक्षा बरी आहे, कारण तिच्यासाठी न्याहाळकाचे दार सताड उघडे ठेवावे लागत नाही. पण तो प्रोग्रामही घरात राहणारा आहे. त्याचीही दुरुस्ती वेळेवर व्हायला हवी, आणि कुठले पान त्याच्याशी बोलू शकते यावर कडक पहारा हवा.

अनोळखी प्रोग्राम आजही आपल्या संगणकावर रोज शेकड्यांनी चालतात. जावास्क्रिप्ट आणि वेबअसेम्ब्ली यांनी अ‍ॅपलेटची जागा घेतली आहे आणि त्यांच्या ओसरीतही भेगा सापडत राहतात. फरक पडला तो दुरुस्तीच्या वेगात. भेग सापडली की काही दिवसांत दुरुस्ती येते आणि न्याहाळक ती स्वतःच लावून घेतो. पण हे चालते ते आपण त्याला लावू दिले तरच.

या इतिहासाचा निकाल माझ्या मते स्पष्ट आहे. दोष अमेरिकेत लिहिला गेला, पोलंडमध्ये सापडला आणि कॅलिफोर्नियात बुजवला गेला. नागपुरातल्या संगणकावर मात्र तो वर्षानुवर्षे उघडा राहिला, कारण तो बुजवणाऱ्याचे सरकारी काम अडत होते. त्या जाणत्या सहकाऱ्याला किंवा घाईतल्या कंत्राटदाराला दोष देणे अन्यायाचे होईल. नागरिकाला आपला पहारा खाली आणायला लावणारी कुठलीही सार्वजनिक व्यवस्था तपासणीत नापास ठरली पाहिजे. पोर्टल नव्या आवृत्तीवर चालत नसेल तर मुदत वाढवावी आणि पोर्टल दुरुस्त करावे. नागरिकाचे दार उघडे ठेवणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

आणि वाचकांना एक विनंती. कार्यालयात कोपऱ्यात 'टेंडरचा संगणक' अजून असेल तर तो एकदा सुरू करा, कंट्रोल पॅनेल उघडा आणि यादीत जावा 6 किंवा जावा 7 दिसतो का ते पाहा. दिसला तर काढून टाका. त्याचे काम केव्हाच संपले आहे.